गिलासावरलं नाव

समाजकल्याण खात्याची जीप शाळेच्या पटांगणात येऊन थांबली तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि तोवर दिनकररावांनी मंडपाची दोरी तीनदा ओढून बघितली होती. ते सरपंच झाल्यापासून सावरखेड्यात होणारा हा पहिलाच मोठा सरकारी कार्यक्रम. नागरी हक्क संरक्षण कायद्याची माहिती द्यायला परभणीहून साहेब येणार, कलापथक गाणी म्हणणार, मग सगळ्या गावाचा एकत्र चहा. तालुक्यातून एकाच गावाची निवड झाली होती. गावाच्या पाझर तलावाचा प्रस्ताव दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर पडून होता. कार्यक्रम नीट पार पडला तर साहेब वर शब्द टाकतील, एवढ्या आशेवर दिनकररावांनी चार दिवस रब्बीच्या पेरणीकडे पाठ फिरवली होती.

त्यांची बायको धुरपताबाई मंडपाच्या खांबाला टेकून बायकांत बसली. अशा सभेला यायची तिची पहिलीच वेळ. डाव्या हाताला गावातल्या बायका होत्या, आणि चार हात जागा सोडून बौद्धवाड्यातल्या. ती चार हात जागा कुणी मोजून सोडली नव्हती. सतरंज्याच तशा अंथरल्या गेल्या होत्या.

मंचावर साहेबांच्या शेजारी तिची धाकटी जाऊ सुमंगला बसली होती. सुमंगला गावच्या शाळेत शिक्षिका. संध्याकाळी समाजमंदिरात ती बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्गही घ्यायची. बौद्धवाड्यातल्या सहा-सात जणी त्या वर्गाला जात. धुरपताबाईलाही तिनं दोनदा बोलावलं होतं. "आता ह्या वयात पाटी घेऊन बसू का?" असं म्हणून तिनं ते टाळलं होतं.

साहेबांनी कायदा वाचायला घेतला. वाक्यं लांबलचक, शब्द कचेरीतले. पाच मिनिटांत मागचे पुरुष विड्या पेटवायला उठले. ते साहेबांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी कागद सुमंगलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या भाषेत सांगा."

सुमंगला उभी राहिली. "हॉटेलात जी कपबशी सगळ्यांसाठी असते, ती जात बघून कुणाला द्यायची नाही, त्यांच्यासाठी वेगळं भांडं ठेवायचं, हा गुन्हा आहे. विहिरीचं तसंच, देवळाचं तसंच. शिक्षा कमीत कमी एक महिना कैद."

"दंड भरून सुटता येत न्हाई का?" मागून कुणीतरी विचारलं.

"दंड आहे, पण तो कैदेच्या वर. नुसत्या दंडावर सुटका नाही."

तेवढ्यात चहा आला.

चहा धुरपताबाईच्या भावाच्या हॉटेलातला होता. बन्सीधरनं नऊ वर्षांखाली मेहुण्याच्या आधारानं बसथांब्यावर हॉटेल काढलं, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक बैठकीला चहा त्याचाच. आज तो स्वतः किटली घेऊन आला होता. मंचावर कपबश्या गेल्या, पुरुषांत गेल्या, बायकांत गेल्या. मग ती चार हात जागा ओलांडून तो बौद्धवाड्यातल्या बायकांकडे वळला आणि दुसऱ्या हातातले जर्मनचे पाच गिलास त्यानं सतरंजीच्या कडेला मांडले. अ‍ॅल्युमिनियमचे, पांढुरके, पोचे पडलेले. त्याच्या मनात वाकडं काही होतं असं नाही. हाताला नऊ वर्षांची सवय होती, आणि सुमंगला काय बोलली ते किटलीच्या वाफेत त्यानं ऐकलंही नसेल.

पुढं बसलेल्या कडूबाईनं गिलास घेतला. चाळिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. मागं सहा वर्षं ती धुरपताबाईच्या गोठ्यात शेणकुराला होती. तिनं चहा प्यायला नाही. शांतपणे मातीत ओतला, गिलास उलटा केला आणि बुडावर टिपक्याटिपक्यांनी कोरलेली अक्षरं बोट ठेवून वाचायला लागली.

"धु... र... प... ता... बाई." ती थांबली आणि खांबाकडं बघून म्हणाली, "पाटलीणबाई, हे तुमचं नाव हाय न?"

धुरपताबाईला वाचता येत नव्हतं. पण लग्नातल्या भांड्यांवर आपलं नाव कुठं असतं ते तिला ठाऊक होतं. तिनं मान हलवली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

कडूबाई मंचाकडं वळली. "साहेब, बाकीच्यायला कपबश्या आल्या, आमाला ह्ये आलं. हाटेलातबी आमाला ह्यातच देतेत, अन् पिऊन झालं की आमीच इसळून खिळ्याला लटकवायचं. मास्तरीणबाईनं आत्ता सांगितलं ते ह्यालाच म्हणतेत का?"

साहेब म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे. मग त्यांनी दिनकररावांकडं बघितलं, दिनकररावांनी बन्सीधरकडं, आणि बन्सीधर किटली धरून होता तिथंच उभा राहिला. "अर्ज द्या, चौकशी करू," असं म्हणून साहेबांनी कलापथकाला खूण केली. ढोलकी वाजायला लागली. कडूबाईनं गिलास पदरात बांधला, दोघी जणी बरोबर घेतल्या आणि एकच्या बसनं ती ताडकळसच्या ठाण्यात गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मार्तंड आला. दिनकररावांचा हा धाकटा भाऊ, सुमंगलाचा नवरा, परभणीला एका सरकारी कचेरीत कारकून. मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांत बिनसल्याला तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दोघं एका सतरंजीवर बसले नव्हते. आज बसले. समोर बाजेवर म्हातारे आबासाहेब, त्यांच्या पायथ्याशी बन्सीधर. धुरपताबाई आतल्या उंबऱ्यावर गहू निवडत होती. सुमंगला शाळेत गेली होती.

"फिर्याद नोंदवून घेतली हाय," दिनकरराव म्हणाले. "उद्या सकाळी जमादार येणार जबाब घ्यायला. मी म्हणालो, घरचं प्रकरण हाय, मिटवून घेतो. म्हणतो, ह्या कायद्यात मिटवायचं आमच्या हाती न्हाई."

"सगळीकडं तसंच चालू हाय की," बन्सीधर म्हणाला. त्याचा आवाज रात्रभर जागल्यासारखा बसला होता. "पेडगावला जा, बोरीला जा. मी काय येगळं केलं? माझ्याच बोकांडी कामून?"

"पेडगावच्या हॉटेलात गिलासावर नाव नाही," मार्तंड म्हणाला. तो कमी बोलायचा, आणि बोलताना टेबलावर कागद सरकवल्यासारखं एकेक वाक्य पुढं सरकवायचा. "खरी अडचण नावाची आहे. वैनीचं नाव म्हणजे सरपंचाच्या घराचं नाव. हॉटेल मेहुण्याचं, भांडं सरपंचाचं. वर्तमानपत्रात छापून आलं तर दादाची खुर्ची जाईल, माझीही चौकशी लागेल. पण तेच नाव आपल्या बाजूनंही फिरवता येतं."

"कसं?"

"कडूबाई आपल्याकडं कामाला होती न?"

"सा वरसं."

"मग गिलास तिनं तेव्हाच नेले. हॉटेलात ते कधी नव्हतेच. घरून आणले, सभेत दाखवले. वैनीनं एवढंच सांगायचं, की माझे पाच गिलास चोरीला गेले होते. उलटी फिर्याद."

दिनकररावांनी दाढीवरून हात फिरवला. "अन् ते साहेब? ते तर तिथंच होते."

"साहेबांचाच कार्यक्रम बिघडलाय. ते म्हणतील, मंचावरून मला दिसलं नाही."

"आमच्या गल्लीतले कोणी बोलणार न्हाईत," बन्सीधर घाईनं म्हणाला. मग अडखळला. "सुमंगलावैनी तेवढ्या..."

"तिला मी सांगतो."

आबासाहेब इतका वेळ डोळे मिटून होते. ऐंशीला टेकलेले, एके काळचे गावचे पोलीस पाटील. डोळे न उघडताच ते म्हणाले, "म्हंजे त्या बाईला चोर ठरवून आत घालायचं म्हणा की."

"आत नाही घालायचं, आबा," मार्तंड समजावणीच्या सुरात म्हणाला. "तिनं तिची मागं घेतली की आपण आपली घ्यायची. बरोबरीत सुटलं."

"आत्ता तुझा भाऊ म्हणाला की, ह्या कायद्यात मागं घेता येत न्हाई म्हणून."

दिनकरराव उंबऱ्याकडं वळले. "ऐकलंस न? एकच वाक्य हाय. माझे गिलास चोरीला गेल्ते. बास. बाकीचं आमी बघतो."

धुरपताबाईनं सुपातले खडे वेचून बाजूला ठेवले. लग्नाला तीस वर्षं झाली होती. जमीन घेताना, विहीर खोदताना, पोरीचं लग्न ठरवताना, ह्या बैठकीतून तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आजही विचारत नव्हते. आज सांगत होते, पण सगळं येऊन तिच्या तोंडावर थांबलं होतं.

"आक्का," बन्सीधर म्हणाला. तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिनं त्याला कडेवर वाढवला होता. "तूच दिलेले गिलास हायेत. तुझ्या शब्दावर ठेवले मी. आता तूच सोडीव."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते तिला लागलं. खरं होतं. हॉटेल काढलं तेव्हा हाच भाऊ चुलीपाशी येऊन बसला होता. "वाड्यातली माणसं चहाला आली तर कसं करावं, आक्का?" असं त्यानं विचारलं होतं. तिनंच फडताळातले जुने गिलास काढून दिले. "हे येगळे ठेव. म्हंजे त्यायलाबी चहा भेटंल अन् गावातबी कुणी नाव ठिवणार न्हाई." तेव्हा तिला वाटलं होतं, आपण चांगली वाट काढली.

"बघते," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

*

सुमंगला दुपारी शाळेतून आली. तिच्या खोलीत नवरा-बायकोचं बोलणं बराच वेळ चाललं. आवाज चढले नाहीत, पण धुरपताबाईच्या हातचं पीठ मळून झालं तरी ते संपलं नाही. शेवटी सुमंगला स्वयंपाकघरात आली, पदर खोचून तव्यापाशी बसली आणि न सांगताच भाकरी उलटायला लागली.

"काय म्हणले?" धुरपताबाईनं विचारलं.

"पोरांना पाणी देत होते, मला काही दिसलं नाही, असं सांगायचं. नाहीतर परभणीचं बिऱ्हाड विसरायचं."

लग्नाला चार वर्षं झाली तरी सुमंगला सावरखेड्यात आणि मार्तंड परभणीला, असंच चाललं होतं. ह्या दिवाळीनंतर बिऱ्हाड करायचं ठरलं होतं. स्टोव्हही घेऊन ठेवला होता.

"मग?"

"विसरले म्हटलं." तिनं भाकरी चुलीच्या आराला उभी केली. "पण ताई, माझ्या एकटीच्या सांगण्यानं काय होणार? मी म्हणेन, बन्सीधरभाऊंनी आणले. ते म्हणतील, चोरीचे आहेत. माल तुमच्या नावाचा. तुम्ही चोरीचे म्हटलंत की माझा जबाब कोण वाचतंय. कडूबाईला घरून धरून नेतील."

धुरपताबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली.

"मी तुम्हाला असं करा, तसं करा म्हणणार नाही," सुमंगला म्हणाली. "तुमचा भाऊ आहे. माझा असता तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही."

"तू अठ्ठ्याहत्तरला इथं नव्हतीस," धुरपताबाई म्हणाली.

"नव्हते. वाड्यातली घरं जळाली एवढं ऐकलंय. कशी जळाली, ते विचारलं की सगळे दुसरंच बोलायला लागतात."

धुरपताबाईनं परातीतलं पीठ खरवडून काढलं. तिलाही दुसरंच बोलावंसं वाटलं. आठ वर्षांत तिनं ते कुणाजवळ काढलं नव्हतं, देवाजवळही नाही. आखाडाचा शेवट होता. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं म्हणून सगळीकडं दंगल उसळली होती. पावसाची उघडीप बघून टाकलेलं वाळवण गोळा करायला दुपारी ती माळवदावर चढली, तर वाड्याच्या अंगाला धूर. सात घरं गेली. कडूबाईचा दाणा गेला, दावणीची शेळी दावणीलाच गेली. माणसं तेवढी ओढ्यात पळाली म्हणून वाचली. दिवस कलता बन्सीधर मागच्या दारानं आला आणि काही न बोलता धोतर सोडून तिच्यापुढं टाकलं. घासलेटचा वास येत होता. तिनं काही विचारलं नाही. सोडा टाकून धोतर दोनदा धुतलं आणि आतल्या दोरीवर वाळत घातलं. पोलीस आले तेव्हा दिनकरराव म्हणाले, मेहुणा दिवसभर माझ्याबरोबर पत्ते खेळत होता. पोलीस पाटील म्हणून आबासाहेबांनी अहवाल लिहिला. आणि चार महिन्यांनी, पेंढीच्या छपराखाली नवीन कूड उभा करून, कडूबाई पुन्हा गोठ्यात शेण काढायला आली. धुरपताबाई तिला रोज भाकरी द्यायची. वरून, हात न लावता.

"भाकरी करपायली बग," ती सुमंगलाला म्हणाली.

*

जमादार सकाळी नऊ वाजता सायकलवरून आला. ओसरीवर त्याच्यासाठी खुर्ची टाकली होती, आणि दिनकररावांनी त्याला आधीच बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले होते. मार्तंडनं रजा वाढवली होती. तो भिंतीला टेकून उभा होता. बाजेवर आबासाहेब होते, आणि बाजेच्या कडेला बन्सीधर बसला होता. कडूबाईला मुद्देमाल ओळखायला बोलावलं होतं. ती अंगणात, लिंबाच्या सावलीत उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

सुमंगलाचा जबाब आधी झाला. तिनं जे बघितलं ते सरळ सांगितलं. मार्तंड अंगणाकडं बघत राहिला.

मग जमादारानं पिशवीतून गिलास काढून पुढं धरला. "हा तुमचा का, बाई?"

"माझा," उंबऱ्यावरून धुरपताबाई म्हणाली. मग उंबरा ओलांडून ओसरीवर आली. परक्या पुरुषापुढं ती अशी कधी आली नव्हती. "पाच होते."

"चोरीला गेल्ते म्हणतेत."

"चोरीला गेले न्हाईत. मी दिले भावाला. त्यानं हाटेल काढलं तवा. वाड्यातल्या माणसायला ह्यातच देत जा, असं मीच सांगितलं."

"आक्का," बन्सीधर म्हणाला.

"धुरपते, काय बोलायलीस?" दिनकररावांनी खालच्या आवाजात विचारलं.

"झालं ते बोलायले."

जमादारानं लिहिणं थांबवलं नाही. तिला नीट कळावं म्हणून तो सावकाश बोलला. "बाई, तुमी सांगितलं म्हणता, तर तुमच्यावरबी येऊ शकतं ह्यात."

"येऊ द्या." ती खांबाला धरून उभी राहिली. इथं थांबता आलं असतं. पण तोंड एकदा उघडलं होतं, आणि ते मिटलं तर पुन्हा उघडणार नाही, हे तिला कळत होतं. "अजून एक लिवा. वाड्याला आग लागली त्या दिवशी माझा भाऊ आमच्याकडं पत्ते खेळत होता, असं आमी लिवून दिलंय. तो घरी नव्हता. दिवस कलता आला. त्याच्या धोतराला घासलेटचा वास होता. मी ते धुतलं."

गोठ्यातल्या गायीच्या गळ्यातलं लोढणं दगडावर आपटत होतं. बन्सीधर उठला, दोन पावलं तिच्याकडं आला, आणि मग वळून मागच्या दारानं निघून गेला.

जमादारानं पेन उचलून धरलं. "ते ह्यात येत न्हाई, बाई. ती फाईल तवाच बंद झाली."

"मग ते कशात येतं?"

जमादारानं दिनकररावांकडं बघितलं. दिनकररावांनी पायात वहाणा सरकवल्या आणि ते फाटकाबाहेर पडले. मार्तंड त्यांच्या मागोमाग गेला. ओसरीवर दोघी जावा उरल्या, आणि बाजेवर आबासाहेब.

"आगीचं कारण समजून आलं न्हाई," आबासाहेब म्हणाले. एखादा जुना कागद वाचावा तसं. "असं लिवलं होतं मी. अक्षर माझंच. मी माळवदावरून सगळं बघितलं होतं. कोण कोण होते, समद्यायला ओळखत होतो." त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या कडूबाईकडं बघायचा प्रयत्न केला, पण डोळे तिथवर पोचले नाहीत. "जमादार, मला कागद द्या. मी लिवतो. कशात येतं ते तुमी मागून ठरवा."

जमादारानं क्षणभर विचार केला आणि वहीतले दोन कोरे कागद फाडून बाजेवर ठेवले.

सगळ्यांनी आता कडूबाईकडं बघितलं. ती काही बोलेल असं त्यांना वाटत होतं, आणि काय बोलावं असं त्यांना वाटत होतं, ते कडूबाईला पक्कं कळत होतं.

"आमाला ठाव होतं," ती म्हणाली. "कोण व्हतं, कुणाचं धोतर व्हतं. तुमी सांगताल म्हणून आमी वाट बघत बसलो न्हाई. घर बांधलं, पोरगी शिकायली." मग ती जमादाराला म्हणाली, "ओळखला गिलास मी. जाऊ का? कापूस येचायला जायचंय."

जमादारानं कागद आवरले. निघताना तो धुरपताबाईला म्हणाला, "ह्या जबाबावर अंगठा लागत न्हाई, बाई. कोर्टात येऊन हेच सांगावं लागंल. तिथं फिरलात तर ह्या कागदाचा काय उपयोग न्हाई, ध्यानात ठिवा."

*

बन्सीधर जामिनावर सुटला. हॉटेलात मग सगळ्यांना कपबश्या मिळायला लागल्या, पण बौद्धवाड्यातलं कुणी तिथं चहाला गेलं नाही. भाऊबीजेला धुरपताबाईनं पाट मांडला, रांगोळी घातली आणि दिवेलागणीपर्यंत वाट बघितली. तो आला नाही. दिनकरराव तिच्या हातचं जेवत होते, पण जे सांगायचं ते सुमंगलामार्फत सांगत. मार्तंडचा स्टोव्ह परभणीच्या खोलीत तसाच राहिला, सुमंगला सावरखेड्यात. पाझर तलावाचं पुढं काही झालं नाही. आबासाहेबांच्या अर्जाला जिल्ह्याहून उत्तर आलं, की अर्ज पोचला. आबासाहेबांनी दुसरा पाठवला.

धुरपताबाईवर खटला भरला नाही. साक्षीदार म्हणून समन्स आलं. तारीख चैत्रात होती.

त्या सकाळी ती एकटीच बसथांब्यावर उभी राहिली. सुमंगलाच्या शाळेत परीक्षा होती, तिचं समन्स दुसऱ्या तारखेचं होतं. हॉटेलाच्या भट्टीपाशी बन्सीधर पाठमोरा उभा होता. एकदा त्यानं मान वळवून बघितलं आणि परत दुधाच्या पातेल्यात डाव फिरवायला लागला. तिला त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसले.

गाडी ताडकळसहून भरून आली होती. धुरपताबाई दांडा धरून उभी राहिली. तीन ओळी पुढं खिडकीला कडूबाई बसली होती, शेजारी तिचं गाठोडं. आदल्या दिवशीच ती ताडकळसला जाऊन राहिली होती. कंडक्टरनं तिकिटासाठी विचारलं तेव्हा कडूबाईनं मागं वळून बघितलं, थोडा वेळ तशीच बघत राहिली आणि गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

"बसा की. परभणीपर्यंत उभ्यानं जाताल का?"

धुरपताबाई बसली. बाहेर काढणीला आलेला गहू होता, मध्येच कापूस उपटून रिकामी झालेली रानं होती.

"तुमी कोर्ट बघितलं का कधी?" धुरपताबाईनं विचारलं.

"बघितलं. आगीच्या टायमाला. साक्षीदार कुणीच आलं न्हाई, म्हणून लवकर घरी आलो." कडूबाईनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. "भावाचा वकील लय इचारंल तुमाला. भावाशी भांडण हाय का, सासरच्यायनी शिकवलं का, पैसे घेतले का. मला मास्तरीणबाईनं सांगितलंय कसं कसं इचारतेत ते. भांडण हाय का म्हणलं तर काय सांगताल?"

धुरपताबाईनं विचार केला. बस एका मोरीवरून गेली आणि सगळी माणसं एकदम वर उडून खाली बसली.

"न्हाई म्हणून सांगीन," ती म्हणाली. "भांडण न्हाई. भाऊच हाय माझा."

"तसंच सांगा," कडूबाई म्हणाली. "ते कोर्टाला पटंल."